एस्पोझितो आडनावाचा माग: प्रकल्प नोंदी

14 जानेवारी 2024

माहेरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. जावयांच्या रकान्यात 'मूळ गाव' आणि 'मूळपुरुष' असं छापून आलंय, आणि बाबांचं म्हणणं, रकाना रिकामा ठेवायचा नाही. जावई इटलीचे, आडनाव एस्पोझितो. नेपल्समध्ये याहून जास्त आढळणारं आडनाव नाही. तिथे 'जेन्नारो एस्पोझितो' म्हणजे आपल्याकडचं 'संतोष पाटील'.

मी राहते बोलोन्यात. सासर नेपल्सच्या पूर्वेला, नोलाच्या बाजूचं. गावाचं आणि माणसांचं नाव देणार नाही, बाकी सगळं लिहून ठेवतेय, कारण इटालियन घरात पडलेल्या आणखी दोघी मराठी मैत्रिणी हेच काम काढून बसल्यात.

सासऱ्यांना विचारलं तर त्यांनी बैठकीच्या खोलीतली चौकट दाखवली. सोनेरी कागद, ढाल, दोन पायांवर उभा सिंह, खाली 'प्राचीन रोमन सरदारांचा वंश'. जत्रेतल्या स्टॉलवर आडनाव सांगितलं की असा कागद तिथल्या तिथे छापून देतात. ढाल मिळते ती एखाद्या कुटुंबाला, आडनावाला नाही. त्यामुळे असल्या कागदावर पैसे घालू नका, एवढाच सल्ला.

सासूबाई आतून ओरडल्या, "कशाला उकरताय? एस्पोझितो म्हणजे काय ते सगळ्या नेपल्सला माहीत आहे." ते खरंच आहे. लॅटिन 'एक्स्पोझितुस', उघड्यावर ठेवलेलं मूल. नेपल्सच्या सान्तिस्सिमा अनुन्त्सियाता या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत एक चाक होतं, त्यात ठेवलेल्या मुलांना हे आडनाव लावत. म्हणजे 'एस्पोझितो घराणं' असं काही शोधायचं नाहीच. हे आडनाव एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या मुलांपासून पुन्हा पुन्हा सुरू झालंय. शोधायचं ते एवढंच, की या घरात ते कोणापासून आलं.

28 जानेवारी

आजेसासऱ्यांच्या जन्मनोंदीसाठी गावच्या नगरपालिकेला, म्हणजे कोमूनेला, मेल टाकली. साधा दाखला मागू नका. 'कोपिया इन्तेग्राले', म्हणजे मूळ नोंदीची जशीच्या तशी नक्कल मागा. समासात नंतरची लग्नं-मृत्यू टिपलेले असतात आणि पुढची पायरी तिथेच सापडते. साध्या दाखल्यावर आई-वडिलांची नावंही नसतात. 1955च्या कायद्याने ती काढली. त्याआधी बापाचा पत्ता नसलेल्या माणसाच्या प्रत्येक कागदावर त्या जागी 'एन. एन.' असं यायचं, आणि शाळेपासून नोकरीपर्यंत ते सगळ्यांना दिसायचं.

दाखल्याला महसुली तिकीट लागत नाही. मला खर्च शून्य आला, पण उत्तर येईपर्यंत धीर धरावा लागला. फोन केल्यावर काम हललं, आणि फोन सासूबाईंनी नेपल्सच्या बोलीत केला म्हणून हललं. माझ्या पुस्तकी इटालियनला "बघतो" एवढंच उत्तर मिळत होतं.

18 फेब्रुवारी

आता आन्तेनाती. हे इटलीच्या संस्कृती मंत्रालयाचं पोर्टल. सरकारी आर्काइव्हमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्यांची छायाचित्रं त्यावर फुकट बघता येतात. नेपल्सच्या राज्यात मुख्य भूमीवर सरकारी नोंदणी 1809 पासून आहे, सिसिलीत 1820 पासून. फ्रेंचांनी सुरू केली, आधीचे राजे, म्हणजे बुर्बोन, परत आले तरी त्यांनी ती मोडली नाही. उत्तरेकडच्या बऱ्याच भागात फ्रेंच गेले आणि नोंदणीही गेली, ती 1866ला नव्याने आली. त्यामुळे एरवी दक्षिणेला नावं ठेवणारे माझे बोलोन्याचे शेजारी या एका बाबतीत गप्प बसतात.

वेळ वाया गेला तो असा: गाव आज नेपल्स प्रांतात आहे म्हणून नेपल्सच्याच यादीत शोधत बसले. वह्या निघाल्या कासेर्ताच्या यादीत. कारण हा भाग जुन्या 'तेर्रा दी लावोरो' प्रांतात होता. तो प्रांत 1927ला मोडला, तुकडे शेजारच्यांना वाटले, आणि 1945ला कासेर्ता प्रांत पुन्हा उभा राहिला तेव्हा सगळी गावं काही परत आली नाहीत. कागद मात्र आपल्या जुन्या जागीच राहतात. गावाचा आजचा जिल्हा बघू नका, नोंदीच्या सालचा बघा.

दुसरं. नावाने शोधायची सोय पोर्टलवर सगळ्या प्रांतांना नाही. आणि असती तरी एस्पोझितो टाकून काय हाती लागणार? गाव आणि साल धरून पान-पान उलटायचं, दुसरा इलाज नाही. वर्षाच्या शेवटी सूची असते, पण काही वह्यांत ती आडनावाऐवजी पहिल्या नावाने लावलेली आहे.

10 मार्च

पणजे आणि खापरपणजे सापडले. एकदा सवय झाली की गाडी सरळ चालते. सवय होईपर्यंत जिथे अडकले ते टिपून ठेवते.

'7bre' हा सातवा महिना नाही, सप्टेंबर आहे. 8bre ऑक्टोबर, 9bre नोव्हेंबर, Xbre डिसेंबर. एक बाप्तिस्मा जुलैत शोधत बसले होते, तो सप्टेंबरात मिळाला.

बापाच्या नावाआधी 'दी' असेल तर बाप त्या दिवशी हयात, 'फू' असेल तर कैलासवासी. या दोन अक्षरांनी मृत्यूची वही कुठून कुठपर्यंत चाळायची ते ठरतं. लग्नात 'दी' आणि मुलाच्या जन्माच्या वेळी 'फू', म्हणजे मधली वर्षं बघायची. माझी सगळ्यात जास्त मेहनत याने वाचवली.

बायका कागदोपत्री मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाने. आपल्याकडे पणजीचं माहेरचं नाव विचारायला म्हातारी माणसं गाठावी लागतात, इथे ते दर पानावर आहे.

नावं ठेवण्याची रीतही ठरलेली: थोरल्याला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव. म्हणून नाव जुळलं की आनंदाने उड्या मारू नका. आधी मृत्यूची वही बघा.

7 एप्रिल

खापरपणज्यांच्या आईपाशी पोचले आणि वाटलं, संपलं काम. तिची 1834ची नोंद टाकलेल्या मुलांच्या छापील नमुन्यात आहे. पुन्हा पुन्हा वाचली.

नमुना असा. गावातली 'पिया रिचेव्हित्रीचे', म्हणजे चाकात आलेली मुलं उतरवून घेणारी बाई, नोंदणी अधिकाऱ्यासमोर हजर झाली. तिने सांगितलं की रात्री तीन वाजता चाकात एक मुलगी मिळाली. हे तीन पहाटेचे नव्हेत. जुन्या इटालियन हिशेबात रात्र सूर्यास्तापासून मोजत, म्हणजे दिवेलागणीनंतर तीन तास. अंधार पुरता पडलेला, पण गाव अजून झोपलेलं नाही. मग अंगावरच्या कपड्यांचं वर्णन: जुन्या पांढऱ्या फडक्याचा तुकडा, एक टोपडं, कमरेला पट्टी. 'अंगावर खूण नाही.' वय अंदाजे एक दिवस. अधिकाऱ्याने नाव आणि आडनाव ठेवलं, आणि त्याच बाईच्या ताब्यात मूल दिलं. उजव्या रकान्यात बाप्तिस्मा झाल्याची पाद्र्याची तारीख. रिचेव्हित्रीचेला लिहिता येत नव्हतं, तसं खाली नमूद आहे.

कपड्यांचं इतकं बारीक वर्णन का, तर आई पुढेमागे मूल मागायला आली तर ओळख पटावी. काही आया अर्धं कापलेलं पदक किंवा फाडलेलं चित्र बाळासोबत ठेवत आणि दुसरा अर्धा भाग आपल्याजवळ. या मुलीजवळ तसलं काहीच नव्हतं.

चाक म्हणजे भिंतीत बसवलेलं लाकडी पिंप, एका बाजूने उघडं, उभ्या आसावर फिरणारं. बाहेरून मूल ठेवायचं, फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतल्या माणसाला बाहेरचा चेहरा दिसत नाही. मुलं मारली जाऊ नयेत हा हेतू. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच भीतीपोटी. फरक असा, की यशवंतला फुल्यांनी स्वतःचं आडनाव दिलं. इथे आडनाव अधिकारी ठेवायचा, बसल्या जागी. त्या सालच्या वहीत त्याने ठेवलेली आडनावं ओळीने बघितली तर महिने आहेत, फुलं आहेत, एक पक्षी आहे.

आणि इथेच घोळ. या मुलीचं आडनाव एस्पोझितो नाही.

28 एप्रिल

घोळ सुटला. जोआकिम म्युरा 1808 ते 1815 नेपल्सचा राजा होता. नेपोलियनचा मेव्हणा. त्याच्या राजवटीत टाकलेल्या मुलांना सरसकट 'एस्पोझितो' लावण्यावर बंदी आली. जन्मभर कपाळावर शिक्का नको, म्हणून प्रत्येकाला वेगळं आडनाव ठेवायचा हुकूम झाला. ज्यांना ते आधीच लागलं होतं त्यांचं तसंच राहिलं आणि मुलाबाळांकडे गेलं.

याचा हिशेब सरळ आहे, आणि मी तो आधी करायला हवा होता. आज कोणी एस्पोझितो असेल तर बहुतेक वेळा चाकातलं मूल म्युराच्या आधीचं, म्हणजे बरोबर सरकारी नोंदणी नसलेल्या काळातलं. उलट 1834ची मुलगी चाकातली असूनही एस्पोझितो नाही. ती या घरातली आहे, पण हे आडनाव तिच्यामुळे आलेलं नाही. तिच्या नवऱ्याच्या बाजूने वर चढायचं.

दुसऱ्या भागातल्यांसाठी: सगळीकडे शब्द हाच नाही. फ्लॉरेन्सला ब्रुनेल्लेस्कीने बांधलेलं इन्नोचेन्ती इस्पितळ 1445ला उघडलं, त्यावरून इन्नोचेन्ती आणि नोचेन्तीनी. मिलानच्या इस्पितळाच्या चिन्हात कबुतर, म्हणून लोम्बार्दीत कोलोम्बो. तिथे ही प्रथा 1825ला बंद झाली. रोमकडे प्रोयेत्ती, सिसिलीत त्रोव्हातो. आमच्या बोलोन्यात दारावरच्या पाट्यांवर 'देल्यी एस्पोस्ती' दिसतं, सोरेन्तोच्या बाजूला 'देस्पोझितो'. मात्र प्रत्येक कोलोम्बो चाकातला नव्हे. साधं कबुतरं पाळणाऱ्याचंही ते आडनाव होऊ शकतं. आडनावावरून कोणाच्या घराण्याबद्दल बोलू नका, कागद बघा.

26 मे

मोठं घबाड लागलं ते 'आल्लेगाती'त, म्हणजे लग्नाच्या अर्जाला जोडलेल्या कागदांत. लोक जन्माच्या वह्या बघून थांबतात. बुर्बोन काळातल्या लग्नाला दोघांच्या जन्माचे उतारे, मेलेल्या बापाचा दाखला, कधी आजोबांचाही, असा गठ्ठा जोडावा लागे. वर 1809च्या आधी जन्मलेल्यांसाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतून उतारा काढून आणावा लागे. म्हणजे जी चर्चची वही मला कोणी दाखवणार नाही, तिच्यातली ओळ सरकारी कागदात बसलेली आहे.

तिच्या नवऱ्याच्या बाजूला 1821चं लग्न, नवरा एस्पोझितो. उताऱ्याप्रमाणे बाप्तिस्मा 1795, याच गावात, आई-बाप दोघांची नावं, बापाचंही आडनाव एस्पोझितो. म्हणजे हाही चाकातला नाही. अजून एक पायरी वर.

गठ्ठ्याला सूची नाही. लग्नाचा क्रमांक कोपऱ्यात असतो, तो धरून सरकत जायचं. पाद्र्याचं अक्षर वाचता वाचता मोडी वाचणाऱ्या आमच्या आजोबांची आठवण झाली: अक्षर लागत नाही, पण शब्द लागतो.

16 जून

1821ला बाप 'दी' होता, म्हणजे जिवंत. मृत्यूची वही तिथून पुढे चाळली. मिळाला 1837च्या उन्हाळ्यात. त्या वर्षीची वही हाताला जाड लागावी अशी आहे, पानामागून पान मृत्यूच. कॉलरा. 1836च्या शरदात तो नेपल्सला पोचला आणि पुढच्या वर्षी दुसरी लाट आली.

नोंद: वय सत्तर, शेतमजूर, विधुर, 'आई-वडील अज्ञात', आणि पुढे हाताने लिहिलेलं 'नेपल्सच्या अनुन्त्सियातातला'.

हाच तो. बाबांना कळवलं: मूळ गाव नेपल्स, अनुन्त्सियाता, मूळपुरुष हा, 1837ला वारलेला. त्यांनी विचारलं, याचा बाप कोण ते लिहायचं नाही का? म्हटलं, नाही. म्हणाले, बरं, तेवढंच छापतो. मला वाटलं होतं वाद होईल.

सासऱ्यांना दाखवलं. ते पान त्यांनी फोनवर मोठं करून करून बघितलं आणि विचारलं, "शेतमजूर? कोणाच्या शेतावर?" ते कागदात नाही.

19 ऑगस्ट

नेपल्स. वाया गेलेली खेप. फेर्रागोस्तोच्या, म्हणजे 15 ऑगस्टच्या सुट्टीच्या, आसपास इटलीत काही उघडं असतं असं समजणाऱ्याने माझ्याकडे बघावं. आर्काइव्हच्या वेळा कमी केलेल्या, गावातलं चर्चचं कार्यालय बंद, पाद्री डोंगरात. बोलोन्याहून वेगवान गाडीचं तिकीट उन्हाळ्यात स्वस्त नसतं. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तो टाळता आला असता.

चर्चच्या वह्यांबद्दल दोन शब्द. त्रेन्तोच्या धर्मसभेने 1563ला पाद्र्यांना बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायला लावलं, त्यामुळे सरकारी नोंदणीच्या आधीचं जे काही आहे ते तिथे. बघू देणं पाद्र्याच्या मर्जीवर. आधी पत्र, मग फोन, मग देणगीचं पाकीट.

त्याहून मागे, मध्ययुगात जायची आशा धरू नका. नेपल्सच्या आर्काइव्हमधले सगळ्यात मोलाचे कागद युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून सान पाओलो बेल सीतोच्या एका हवेलीत हलवले होते. 30 सप्टेंबर 1943ला जर्मन सैनिकांनी ते तिथेच जाळले. मध्ययुगातल्या नेपल्सच्या आन्जू राजांची दफ्तरं त्यातच गेली. सासऱ्यांचं गाव त्या हवेलीपासून लांब नाही. चाकातल्या गरीब मुलांच्या वह्या राहिल्या आणि राजांच्या जळाल्या.

4 ऑक्टोबर

या वेळी आधी वेळ ठरवून गेले. अनुन्त्सियाता फोर्चेल्ला भागात आहे, दोरीवर कपडे, मासळीचा वास, स्कूटरवर तिघं. चाक 1875ला बंद झालं, पण भिंतीतली जागा आजही बघता येते. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान.

अनुन्त्सियातातल्या मुलांना नेपल्समध्ये 'मादोन्नाची', म्हणजे मरिया मातेची, 'लेकरं' म्हणत, आणि त्यात तुच्छतेपेक्षा माया जास्त असते असं सासूबाई सांगतात. आलेल्या मुलाच्या गळ्यात शिशाचा बिल्ला अडकवत. मग दाई: काही आतल्या, बऱ्याच बाहेरच्या, आसपासच्या खेड्यांतल्या. नेपल्सच्या चाकातलं मूल नोलाकडच्या गावात कसं पोचलं हे कोडं मला जूनपासून होतं, त्याचं उत्तर हेच असणार. बाई दूध पाजायला मूल घेऊन जायची, संस्था तिला पैसे द्यायची, आणि काही मुलं तिथेच वाढून तिथलीच होऊन जायची.

1837ला वय सत्तर लिहिलंय, पण म्हाताऱ्यांची वयं शेजारी सांगायचे आणि शून्यावर आणून सांगायचे. म्हणून 1767च्या दोन्ही बाजूंची वर्षं धरली. नोंद एकेका ओळीची: तारीख, वेळ, अंदाजे वय, कपडे, नाव, दाईचं नाव, कधी तिचं गाव. आमच्या माणसाचं नाव तिथल्या पट्टीचं, त्यामुळे त्या नावाची मुलं पुष्कळ. पण बहुतेकांपुढे नंतर वेगळ्या शाईने एक शब्द घातलेला: 'मोर्तो'. वारला. ती नावं गाळत जायची, यादी आपोआप लहान होते. दुपारपर्यंत मी हे यंत्रासारखं करत होते, मग एका पानावर आठ ओळींपुढे लागोपाठ तोच शब्द आला आणि बाहेर जाऊन कॉफी घेतली.

शेवटी दोन उरले. एकाची दाई नोलाच्या बाजूची, गावाचं नाव आमच्या शेजारच्या गावाचं. दुसऱ्याच्या दाईचं नुसतं नाव, गाव नाही. पहिला असावा असं मन म्हणतं, आणि नवराही म्हणतो, लिहून टाक. लिहिणार नाही. वंशावळीत दोघंही पेन्सिलीने.

24 नोव्हेंबर

उरलेलं काम. पहिल्या मुलाच्या दाईच्या गावात चर्चकडे 'स्तातो देल्ले आनिमे'च्या वह्या असल्या तर बघायच्या. ही पाद्र्याने घरोघर फिरून केलेली माणसांची यादी, घरातल्या दूधपित्या पोरापर्यंत. 1770च्या आसपासच्या यादीत त्या दाईच्या घरी या नावाचं मूल 'अनुन्त्सियातातलं' म्हणून दिसलं आणि पुढच्या याद्यांत तिथेच मोठं होताना दिसलं, तर पेन्सिल पुसून शाई. पाद्र्याला पत्र गेलंय. 1837च्या मृत्युनोंदीची प्रमाणित प्रतही मागवलीय. तिला मात्र 16 युरोचं तिकीट लागतं, अर्जाला वेगळं. साधी प्रत चालत असेल तर हा खर्च करू नका, पोर्टलवरच्या पानाचा दुवा जपून ठेवला तरी काम भागतं. ही प्रत सासऱ्यांना हवी आहे. चौकटीचं माप त्यांनी घेऊन ठेवलंय.